ई रेज टू एक्स आणि साईन एक्स एकत्र आले की लेक अडते : बारावीच्या कॅल्क्युलसला मदत कुठं आणि कशी घ्यावी? (सांगली)

कृष्णाकाठी

मंडळी, सरळ विचारते. लेक बारावी सायन्सला आहे, कॉलेज आणि क्लास दोन्ही सांगलीतच. डेरिव्हेटिव्हपर्यंत (म्हणजे बदलाचा वेग काढणं) सगळं बरं चाललं होतं. इंटिग्रेशन (त्याची उलट क्रिया, असं ती सांगते) सुरू झालं, आणि त्यातही जिथं ई रेज टू एक्स आणि साईन-कॉस एकाच गणितात येतात तिथं ती हमखास अडते. काल रात्री उशिरापर्यंत एकाच गणितावर बसली होती : ई रेज टू एक्स गुणिले साईन एक्स, याचं इंटिग्रेशन. पानभर लिहून शेवटी हातात आलं काय, तर आय बरोबर आय (आय म्हणजे तेच मूळ इंटिग्रेशन)! पेन आपटून झोपायला गेली. (चिन्हं मोबाईलवर उमटत नाहीत म्हणून शब्दांतच लिहितेय, सांभाळून घ्या.)

क्लासमध्ये विचारलं की "सूत्र आहे, पाठ करा, पुढं चला" एवढंच उत्तर मिळतं. बॅच मोठी, तास संपला की सरांभोवती पोरांचा गराडा, हिचा नंबर लागेपर्यंत पुढची बॅच आत येते. मी पतसंस्थेत हिशेब बघते. आकड्यांना घाबरत नाही, पण कॅल्क्युलस माझ्या वाट्याला कधी आलंच नाही.

तर सांगली-मिरजेत एकेकट्याला बसवून शिकवणारं कुणी आहे का? फोटो काढला की गणित सोडवून देणारी ॲप्स तिला वापरू द्यावीत का? आणि घरी बसून मी स्वतः काय करू शकते?

रातराणी

वाचतेय. आमच्या माधवनगरच्या घरीही सध्या हेच चाललंय.

मिरजेचा मी

ताई, पहिलं म्हणजे क्लास बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका. वर्षाच्या मध्ये नवीन सर, नवीन नोट्स, पोरं अजून गोंधळतात. आहे ते राहू दे, शंकांपुरती वेगळी सोय बघा. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजांच्या परिसरात एमएस्सी किंवा इंजिनिअरिंग करणारी पोरं खोल्या करून राहतात. त्यांच्यात शिकवायची हौस असलेलं कुणी ना कुणी भेटतंच. आठवड्यातून दोनदा तासभर बसलं तरी पुष्कळ होतं.

खडूफळा

मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवत होतो, आता निवृत्त. कृष्णाकाठी ताई, कुणाकडं पाठवायचं ते नंतर बघू. आधी मुलीच्या वहीतलं ते पान इथं ओळीओळीनं लिहा. खाडाखोडीसकट. गणित येत नाही असं कधीच नसतं, ते कुठल्या तरी एका ओळीवर अडलेलं असतं.

कृष्णाकाठी

सर, तिनंच सांगितलं, मी उतरवून घेतलं.

१. आय म्हणजे ई रेज टू एक्स साईन एक्सचं इंटिग्रेशन.
२. साईन एक्स फर्स्ट फंक्शन, ई रेज टू एक्स सेकंड फंक्शन.
३. आय = ई रेज टू एक्स साईन एक्स, वजा (ई रेज टू एक्स कॉस एक्सचं इंटिग्रेशन).
४. आता कंसातल्याला परत बाय पार्ट्स (गुणाकाराचं इंटिग्रेशन तुकड्यांत करायची रीत). ई रेज टू एक्स फर्स्ट, कॉस एक्स सेकंड.
५. कंसातलं = ई रेज टू एक्स साईन एक्स, वजा आय.
६. आय = ई रेज टू एक्स साईन एक्स, वजा ई रेज टू एक्स साईन एक्स, अधिक आय.
७. आय = आय.

खडूफळा

शाब्बास. एवढं स्वच्छ लिहिणाऱ्या मुलीला गणित येतं. चौथी ओळ बघा. पहिल्या वेळी साईनला फर्स्ट धरलं, म्हणजे डेरिव्हेटिव्ह त्याचं काढलं आणि ई रेज टू एक्सचं इंटिग्रेशन. दुसऱ्या वेळी बाजू उलटल्या, ई रेज टू एक्स फर्स्ट झालं. म्हणजे पहिल्यांदा जे केलं तेच दुसऱ्यांदा पुसून टाकलं. त्यामुळं सगळं कटून आय बरोबर आय. हे विधान खोटं नाही, पण त्यातून काही निघतही नाही.

चौथ्या ओळीत कॉस एक्सलाच फर्स्ट ठेवायला सांगा. कॉसचं डेरिव्हेटिव्ह वजा साईन, त्यामुळं कंसातलं होईल ई रेज टू एक्स कॉस एक्स अधिक आय. ते वर घातलं की आय = ई रेज टू एक्स (साईन एक्स वजा कॉस एक्स) वजा आय. उजवीकडचा आय डावीकडं नेला की दोन आय, आणि दोननं भागून उत्तर. प्लस सी (कुठलाही स्थिरांक) लिहायचं.

आता एक काम तिनं करायचंच. आलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढायचं, गुणाकाराच्या नियमानं. मूळ गणित परत आलं तर उत्तर बरोबर. इंटिग्रेशनचं उत्तर तपासायला ना सर लागतात ना गाईड, हा या विषयाचा मोठा गुण आहे. आणि ज्यांचं डेरिव्हेटिव्ह हातात बसलेलं असतं ती पोरं इंटिग्रेशनमध्ये फार काळ अडत नाहीत.

स्पॅनर

कुपवाड एमआयडीसीतून हजर. खडूफळा सरांशी सहमत, फक्त एक भर. क्लासमध्ये पोरांच्या डोक्यात एलआयएटीई बसवतात : लॉग, इन्व्हर्स, अल्जिब्रिक, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल, या क्रमानं फर्स्ट फंक्शन निवडा. पोरं तो नियम दगडावरची रेघ समजतात. या गणितात दोन्ही वेळा ई रेज टू एक्सला फर्स्ट धरलं तरी उत्तर तेच येतं. करून बघा. अट एकच, दोन्ही वेळा निवड सारखी पाहिजे.

शिवाय आम्ही इंजिनिअरिंगला हे एका ओळीत करायचो. साईन एक्स हा ई रेज टू आय-एक्सचा इमॅजिनरी भाग. मग ई रेज टू (एक अधिक आय) एक्सचं इंटिग्रेशन करायचं, (एक अधिक आय) नं भागायचं, इमॅजिनरी भाग उचलायचा. संपलं.

रातराणी

स्पॅनरदादा, बारावीच्या पोरीला हे सांगू नका ओ. इंटिग्रेशनचा आय आणि इमॅजिनरी आय एकाच पानावर आले तर ती पेन दुसऱ्यांदा आपटेल.

अजिंक्यतारा

सातारकराचा वेगळा सूर लावतो. पाठ करण्यात कमीपणा काय आहे? सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. एका प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. तिथं दोनदा बाय पार्ट्स करत बसणारा मागं पडतो. सरळ सूत्र : ई रेज टू एएक्स साईन बीएक्सचं इंटिग्रेशन = ई रेज टू एएक्स गुणिले (ए साईन बीएक्स वजा बी कॉस बीएक्स), भागिले (ए वर्ग अधिक बी वर्ग). हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. क्लासवाल्यांना सगळेच शिव्या घालतात, पण हजार पोरांना परीक्षेपर्यंत पोचवायचं असतं त्यांना.

कृष्णाकाठी

अजिंक्यतारा, सूत्र तिला पाठ आहे. घोळ असा होतो की ए उणे आला, किंवा साईनच्या जागी कॉस आला, की मधलं चिन्ह अधिक की वजा हे आठवत नाही. मग ती अंदाजानं एक टाकते.

खडूफळा

ताईंनी नेमकं सांगितलं. अजिंक्यतारा, सीईटीबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथं सूत्र तोंडात हवंच. पण बोर्डात पायऱ्यांना मार्क असतात, आणि विसरलेलं सूत्र पुन्हा उभं करता यायला पाहिजे. त्यासाठी एक सोपी रीत आहे. उत्तराचा चेहरा आपल्याला माहीत असतो : ई रेज टू एक्स गुणिले (ए साईन एक्स अधिक बी कॉस एक्स). हे ए-बी वरच्या सूत्रातले नव्हेत, आपण शोधायचे आकडे. याचं डेरिव्हेटिव्ह काढा. साईनचा सहगुणक येतो ए वजा बी, कॉसचा येतो ए अधिक बी. आपल्याला हवाय फक्त साईन, म्हणून ए वजा बी = एक, ए अधिक बी = शून्य. ए निघतो अर्धा, बी उणे अर्धा. चिन्हाचा अंदाज करावाच लागत नाही. उणे एक्स असू दे नाहीतर कॉस टू-एक्स, रीत तीच.

बोर्डाच्या पेपरात मात्र बाय पार्ट्सनंच लिही म्हणावं. ही रीत कच्च्या कामाला.

अजिंक्यतारा

हे आवडलं. पुतणीला पाठवतो.

तिखटमीठ

ॲपच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा गेल्या वर्षी बारावी झाला, त्यानं ॲप भरपूर वापरलं. उत्तर ताबडतोब मिळतं, पायऱ्याही दिसतात. पण ॲपनं दिलेलं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर वेगळं दिसलं की तो दोन्ही सोडून द्यायचा. साईन टू-एक्सच्या इंटिग्रेशनचं उदाहरण घ्या. एकीकडं साईन वर्ग एक्स, दुसरीकडं उणे कॉस वर्ग एक्स, तिसरीकडं उणे अर्धा कॉस टू-एक्स. त्याला वाटायचं तिन्हीतलं एकच खरं. खरं तर तिन्ही बरोबर, त्यांच्यात फरक फक्त एका स्थिरांकाचा, आणि तो प्लस सीमध्ये जिरतो. हे त्याला ॲपनं सांगितलं नाही, त्याच्या मावशीनं फोनवर सांगितलं.

म्हणून आमच्या घरात नंतर नियम केला : आधी स्वतः लिहायचं, अडल्यावर ॲपमध्ये फक्त अडलेली ओळ बघायची, मग ॲप बंद करून पुढचं परत स्वतः. तेवढ्यानं बराच फरक पडला.

मिरजेचा मी

+१. आणि आलेख काढणारं एखादं फुकट साधन द्या हातात, जिओजेब्रासारखं. ई रेज टू उणे एक्स साईन एक्सचा आलेख एकदा डोळ्यानं बघितला की बरंच काही कळतं.

स्पॅनर

मिरजेचा मी, माझ्या आवडीचा विषय काढलात! तो आलेख म्हणजे आमचा शॉक अब्सॉर्बर. गाडी खड्ड्यात गेली की स्प्रिंग वरखाली होते, ते साईन. आणि तेलातून जोर जिरत जातो, ते ई रेज टू उणे एक्स. दोघांचा गुणाकार म्हणजे हळूहळू मरत जाणारं हेलकावणं. मुलीला विचारा, पहिलं टोक कुठं येतं? सगळी पोरं पाय बाय टू सांगतात, कारण साईनचं टोक तिथं असतं. डेरिव्हेटिव्ह काढलं तर ई रेज टू उणे एक्स गुणिले (कॉस वजा साईन) येतं, ते शून्य होतं पाय बाय फोरला. तिथं उंची सुमारे ०.३२२, पाय बाय टूला फक्त ०.२०८ च्या आसपास. जिरणं आधीच सुरू झालेलं असतं, म्हणून टोक अलीकडं सरकतं.

आमच्याकडं टेस्टिंगला लागोपाठच्या टोकांचं गुणोत्तर मोजून डँपिंग, म्हणजे जिरण्याचं प्रमाण, ठरवतात. म्हणजे बारावीचं हे गणित कुपवाडात रोज पोट भरतंय.

हरिपूरकर

स्पॅनर, कॅल्क्युलेटरवर हे करताना तो रेडियनमध्ये आहे का ते बघायला सांगा पोरांना. साईनचं डेरिव्हेटिव्ह कॉस होतं ते फक्त रेडियनमध्ये. अंशात मोजलं तर पुढं पाय भागिले १८०, म्हणजे सुमारे ०.०१७४५ हा गुणक चिकटतो. अकरावीच्या लिमिटच्या धड्यात साईन एक्स भागिले एक्स एक होतं म्हणून शिकवतात, त्याचं मूळ तिथंच आहे. ते नीट न कळता पुढं आलेली पोरं बारावीत घसरतात.

जुनापाणवठा

मला एक कळत नाही. एवढा उहापोह करताना भास्कराचार्यांचं नाव कुणी काढलं नाही? कॅल्क्युलस आपल्याकडंच निघालं. ११५० च्या त्यांच्या सिद्धान्तशिरोमणी ग्रंथात सगळं आहे.

हरिपूरकर

सगळं नाही. भास्कराचार्यांनी ग्रहाची तात्कालिक गती काढताना ज्येतला फरक कोटिज्येच्या प्रमाणात घेतलाय, म्हणजे साईनचा बदल कॉसवर अवलंबून, ही फार मोठी गोष्ट आहे. पुढं चौदाव्या शतकात केरळात माधवानं साईनची अनंत मालिका मांडली, तीही मोठी. पण कुठल्याही फंक्शनला लागू पडणारी रीत, आणि डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशन एकमेकांच्या उलट आहेत ही सर्वसाधारण जाण, सतराव्या शतकात न्यूटन आणि लायबनिझकडं येते. जे आहे त्याचा अभिमान पुरेसा आहे, वाढवून सांगायची गरज नाही.

जुनापाणवठा

मान्य. कोटिज्येचं वाक्य मुलांना वर्गात सांगायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

ठेवपावती

कृष्णाकाठी ताई, तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितो. मीही जन्मभर व्याजच मोजलं. "घरी मी काय करू शकते" हा तुमचा प्रश्न मागंच राहिलाय. तुम्ही लेकीला ई शिकवू शकता, सरांपेक्षाही चांगला.

एक रुपया ठेव, दरसाल दरशेकडा १००. वर्षाला एकदा व्याज दिलं तर २ रुपये. सहामाही चक्रवाढ केली तर २.२५. दरमहा केली तर सुमारे २.६१३. रोज केली तर सुमारे २.७१४६. क्षणाक्षणाला केली तर? आकडा आभाळाला भिडत नाही, २.७१८२८ च्या पुढं सरकतच नाही. तोच ई. जेकब बर्नोली १६८३ मध्ये चक्रवाढीचा हाच प्रश्न घेऊन बसला होता. ई हे अक्षर नंतर ऑयलरनं वापरलं, १७३१ च्या एका पत्रात.

आणि ई रेज टू एक्सचं डेरिव्हेटिव्ह तेच का? कारण या ठेवीत जेवढी शिल्लक, तेवढ्याच वेगानं ती त्या क्षणी वाढत असते. लेकीला खातेउतारा काढून दाखवा.

पूररेषा

ठेवपावती काका, तुमचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे मी शेजारच्या पोरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून सांगते. तिथं पाणी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आम्ही सामान माडीवर न्यायचं की घर सोडायचं हे ठरवताना नुसता फुटांचा आकडा विचारत नव्हतो. "तासाला किती इंच चढतंय?" असं विचारत होतो. ते डेरिव्हेटिव्ह. आणि "चढतंय, पण आता चढण मंदावलीय" ही बातमी आली तेव्हा सगळी गल्ली एकदम बोलायला लागली, ते दुसरं डेरिव्हेटिव्ह. पाणी अजून वाढतच होतं, तरी जीवात जीव आला. पोरं हे कधी विसरत नाहीत.

रातराणी

पूररेषा, अंगावर काटा आला. आमच्याकडंही सगळे रेडिओला कान लावून होते.

अवांतर : हा धागा नवऱ्याला दाखवला. तो ओट्याशी उभा राहून वाण्याच्या बिलामागं आय बरोबर आय सोडवत बसला आणि वांगी करपली. धागाकर्तीकडून भरपाई हवी.

तिखटमीठ

रातराणी, भरपाईत भडंग चालेल का?

अजिंक्यतारा

भडंग कशाला, साताऱ्याहून पेढे पाठवतो. पण वांगी कुणी करपवली त्याचं डेरिव्हेटिव्ह काढून कळवा.

कृष्णाकाठी

भडंग माझ्याकडून नक्की! सगळ्यांचे मनापासून आभार. सांगायला आनंद वाटतो की चौथी ओळ तिनं बदलली आणि उत्तर आलं. डेरिव्हेटिव्ह काढून तपासलंही, तेव्हा मला स्वयंपाकघरातून हाका मारून बोलावलं. काल रात्री आम्ही दोघी ठेवपावती काकांची एक रुपयाची ठेव घेऊन बसलो. दरमहाचा आकडा तिनं कागदावर काढला, रोजचा मी कॅल्क्युलेटरवर. ती म्हणाली, "आई, हे तू रोज करतेस?"

आता तिचा पुढचा प्रश्न. ई रेज टू एक्स गुणिले (एक अधिक साईन एक्स), भागिले (एक अधिक कॉस एक्स). बाय पार्ट्स लावलं तर गुंता वाढतोय, असं ती म्हणते.

खडूफळा

बरोबर म्हणतेय, इथं आधी अपूर्णांक सोडवायचा. खाली एक अधिक कॉस एक्स म्हणजे दोन कॉस वर्ग एक्स बाय टू. वर साईन एक्स म्हणजे दोन साईन एक्स बाय टू कॉस एक्स बाय टू. भागाकार करून दोन तुकडे पाड म्हणावं. एक येतो अर्धा सेक वर्ग एक्स बाय टू, दुसरा टॅन एक्स बाय टू. आता या दोघांचं एकमेकांशी नातं काय ते तिनंच ओळखायचं. पुस्तकात ई रेज टू एक्स गुणिले (एफ अधिक एफ डॅश, म्हणजे एफचं डेरिव्हेटिव्ह) असा एक फॉर्म्युला आहे, एवढंच सांगतो.

कृष्णाकाठी

लेक स्वतः टाईप करतेय : सर, टॅन एक्स बाय टूचं डेरिव्हेटिव्हच अर्धा सेक वर्ग एक्स बाय टू! म्हणजे उत्तर ई रेज टू एक्स टॅन एक्स बाय टू, प्लस सी. पण मैत्रिणीच्या गाईडमध्ये टॅनच्या जागी कोसेक एक्स वजा कॉट एक्स आहे.

तिखटमीठ

बाळा, ते आणि टॅन एक्स बाय टू एकच. कोसेक वजा कॉट साईनखाली एकत्र करून बघ.

मिरजेचा मी

ताई, मूळ प्रश्नाचं राहिलं. एमएस्सी करणारी एक मुलगी आहे ओळखीत, विश्रामबागेत राहते, मुलींना घरी बसवून शिकवते. नाव-नंबर इथं टाकत नाही, निरोप पाठवतो.

खडूफळा

जरूर पाठवा तिच्याकडं. जाताना कोरी वही नको. अडलेली गणितं अर्धी सोडवलेली, आणि अडलेल्या ओळीला पेन्सिलीनं खूण. तासाभरात दुप्पट काम होतं. रविवारी सकाळी मी घरीच असतो, दोन-चार पोरं एकत्र आली तर मलाही आनंद आहे. फी नको. रातराणी, तुमच्याकडचंही कुणी असेल तर कळवा.

रातराणी

सर, नक्की! निरोप करते.

कृष्णाकाठी

सर, कसे आभार मानू. रविवारी येतोच. लेकीनं तोवर एक विचारलंय : साईन ऑफ लॉग एक्सचं इंटिग्रेशन. यात ई कुठंच नाही, तरी मैत्रिणी म्हणतात हे त्याच जातीतलं.

खडूफळा

मैत्रिणी बरोबर म्हणतात. लॉग एक्स = टी धर, मग एक्स काय होतो आणि डीएक्स काय होतो ते लिही. तिसऱ्या ओळीला ओळखीचं गणित समोर येईल. रविवारी वहीत बघतो.